कुंपणापर्यंत न पोचलेली वाळू

आयर्लंडमधल्या एनिस गावच्या हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून वृंदा घरी आली तेव्हा तिचा नवरा शिरीष मागच्या दारी गुडघ्यांवर बसून वाळू पसरत होता. कपडे न बदलताच तिने फावडं उचललं.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिच्या आई, लीलावतीबाई, वॉकर धरून चालत. जूनमध्ये त्या नागपूरहून लेकीकडे आल्या आणि घरातच अडकल्या. मागच्या अंगणातलं गवत कायम ओलं, वॉकर रुतायचा. म्हणून दारालगत फरशा बसवायचं ठरलं. पण कधी पाऊस, कधी वृंदाची ड्युटी, कधी शिरीषचं शॅनन गावातलं ऑफिस. बघता बघता ऑगस्ट सरत आला, आणि आता सोमवारी आईंचं परतीचं विमान होतं.

फरशांखालच्या वाळूचा हिशेब शिरीषने केला होता. चार मीटर लांब, तीन रुंद, पाच सेंटिमीटरचा थर, म्हणजे साधारण एक टन. तेवढी मोठी बॅग लॉरीवाला घरापुढे उतरवून गेला. तिथून घराच्या कडेच्या बोळातून ढकलगाडीने खेपांवर खेपा.

दुपारी बॅग रिकामी झाली, आणि कुंपणाकडची माती उघडीच राहिली. जमीन तिकडे उतरती होती. शिरीषने सगळीकडे सारखंच खणलं होतं. त्यामुळे दारापाशी पाच सेंटिमीटरचा थर पुरला, तरी कुंपणाशी पातळी साधायला दुप्पट वाळू लागत होती. शिवाय ठोकून दाबल्यावर वाळू खाली बसली ती वेगळीच. त्याने दुकानात फोन केला. पुढची गाडी मंगळवारी येणार होती. वृंदाकडे न बघताच त्याने तिला ते सांगितलं.

तिला राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. ती ओल्या वाळूतच बसली. शेजारचा ब्रेंडन कुंपणावरून डोकावला आणि काम अगदी ग्रँड दिसतंय म्हणाला. तिने नुसती मान हलवली.

आई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आहे त्या वाळूत किती जागा होईल, असं त्यांनी विचारलं. अर्धीच, तीही जेमतेम, शिरीष ओशाळून म्हणाला.

"मला कितीशी लागते?" त्या म्हणाल्या. "एक खुर्ची मावली की झालं."

मग दोघांनी कुंपणाच्या दिशेने जेवढी पसरली होती ती वाळू पुन्हा दाराकडे ओढली. फळीने सारखी केली, ठोकली आणि एकेक फरशी बसवली. काम आटोपलं तेव्हा ऊन बरंच कललं होतं. आई वॉकर टेकत सावकाश बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"मंगळवारी वाळू मागवू नकोस," त्या लेकीला म्हणाल्या. "मंगळवारी झोप."

वृंदा खुर्चीशेजारी फरशीवर टेकली. आईच्या मांडीवर डोकं ठेवताच तिचे डोळे मिटले. शिरीषने उघड्या मातीवर प्लास्टिक अंथरून दगड ठेवले, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.