तिसरा गेम

भार्गवी आणि तिची नणंद कावेरी बॅडमिंटनची दुहेरी एकत्र खेळायच्या, याचं घरात सगळ्यांना कौतुक होतं. कावेरी मोठी, राजाजीनगरला राहणारी, विमा कंपनीत अधिकारी. भार्गवी लग्न होऊन बनशंकरीच्या घरी आली, तेव्हा तिच्या हातात पहिल्यांदा रॅकेट दिली ती कावेरीनेच. घरातल्या सगळ्यांसारखी भार्गवीही तिला अक्काच म्हणायची.

त्या वर्षी कावेरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर कोर्टावर उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तिने एवढंच मागितलं, की राजाजीनगरची पंचेचाळिशीपुढच्या बायकांची स्पर्धा खेळून घेते, मग काय कापायचं ते कापा. त्या स्पर्धेत दोघी बऱ्याचदा पुढपर्यंत गेल्या होत्या, जिंकल्या मात्र कधीच नव्हत्या.

भार्गवीचं त्या दिवसांत वेगळंच चाललं होतं. बँकेतल्या एका मैत्रिणीचं पाहून तिने रात्रीचं जेवण सोडलं होतं. सकाळी कॉफी आणि पपई, दुपारी काकडी-टोमॅटो आणि ताक. वजन भराभर उतरलं. ब्लाउज आत घ्यावे लागले. ओळखीच्या बायका रस्त्यात थांबवून विचारू लागल्या आणि ते तिला फार आवडायचं. स्मॅशमधला जोर गेला होता आणि जिना चढताना मांड्या भरून यायच्या, पण ते ती कोणाला सांगत नव्हती. कावेरीने एकदा तिच्या दंडाला हात लावून पाहिला. या वयात चरबीबरोबर स्नायूही झडतात, एकदा गेले की परत आणायला घाम गाळावा लागतो, डाळी-उसळी खा, दही खा, थोडी वजनं उचल, असं तिने समजावलं. भार्गवीने सरळ सांगून टाकलं, की ती रोज मोड आलेले मूग खाते. कावेरीला ते खरं वाटलं.

दोघी अंतिम सामन्यात पोचल्या. पहिला गेम जिंकला, दुसरा थोडक्यात गेला. तिसरा सुरू झाला आणि भार्गवीच्या लक्षात आलं, की पाय आपले राहिलेले नाहीत. शटल कुठे पडणार ते दिसत होतं, पण तिथवर जाता येत नव्हतं. समोरच्या बायकांनी ते ओळखलं आणि सगळे फटके तिच्याच बाजूला टाकायला लागल्या. कावेरी गुडघ्याला पट्टा बांधून तिच्या वाटणीची जागाही सांभाळू लागली. भिंतीकडे बसलेलं कोणीतरी कन्नडमध्ये म्हणालं, की गुडघा हिचा दुखतोय की तिचा? भार्गवीने ते ऐकलं.

पुढच्याच फटक्याला जाळीपाशी वाकताना ती खाली बसली, ती उठेचना. कुठे काही मोडलं नव्हतं, मुरगळलं नव्हतं. अंगात त्राण नव्हतं, बस. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. कावेरी लंगडत धावत आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली.

"घोटा," भार्गवी म्हणाली आणि तिने घोटा दोन्ही हातांनी धरला.

असं काही म्हणायचं तिने ठरवलं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. पंच आले, बर्फ आला. खेळणार का, असं विचारल्यावर तिने नकारार्थी मान हलवली. समोरच्या जोडीला विजयी जाहीर केलं. टाळ्याही कोणी धड वाजवल्या नाहीत.

कावेरीचं घर जवळच होतं. तिने भार्गवीला खांद्याचा आधार देत पायऱ्या चढवल्या, सोफ्यावर बसवलं, पाय उशीवर ठेवला. मग आयोडेक्सची बाटली घेऊन स्वतः खाली बसली. गुडघा वाकत नव्हता म्हणून तो पाय तसाच लांब सोडून बसली आणि भार्गवीचं पाऊल तिने मांडीवर घेतलं.

"अक्का, नको, तुम्ही पायाला हात नका लावू."

"गप बस. खेळणाऱ्याचा पाय आहे, त्याला कसला मान?"

ती हलक्या हाताने चोळत राहिली. मध्येच विचारायची, इथे दुखतं का? इथे? भार्गवी हो म्हणायची. सासरची मोठी नणंद, स्वतःचा दुखरा गुडघा सांभाळत, तिच्या धडधाकट पायाला औषध लावत होती. भार्गवीचे कान तापले. आता सांगावं, आता सांगावं असं तिला वाटत राहिलं, आणि प्रत्येक क्षणागणिक सांगणं जास्त अवघड होत गेलं.

मग कावेरीने डाळ-भाज्या घातलेला बिसी बेळे भात गरम करून आणला. भार्गवीने पहिला घास घेतला आणि तिला पुढे थांबताच आलं नाही. ताट संपलं. कावेरीने पुन्हा वाढलं, तेही संपलं. ती बोटं चाटत होती. वर पाहिलं, तर कावेरी हातात डाव घेऊन नुसती बघत उभी.

"काल रात्री जेवली होतीस?"

भार्गवीने नाही म्हणून मान हलवली.

"सकाळी?"

"पपई."

कावेरीने तिच्या पायाकडे पाहिलं. मग कावेरीने विचारलं, "घोटा दुखतोय का, भार्गवी?"

"नाही."

कावेरीने डाव भांड्यात ठेवला. तिचा आवाज चढला नाही. "दमले म्हणाली असतीस, तर सरी, ठीक आहे, हरलो असतो. त्यात काय होतं? पण मी खाली बसून तुझा पाय चोळत होते. तेव्हा तरी सांगायचंस."

भार्गवी रडली. कावेरीने तिला समजावलं नाही, की ती रागावलीही नाही. तिने भावाला, रघुनंदनला, फोन करून बायकोला न्यायला बोलावलं, आणि काळजीचं काही नाही, एवढंच सांगितलं.

पुढचे दिवस भार्गवीला फार जड गेले. हॉलवरचे लोक पायाची चौकशी करत होते. समोरच्या जोडीतल्या एकीने तर, असं जिंकून बरं वाटलं नाही, म्हणून फोन केला. भार्गवीने तिला तिथल्या तिथे खरं सांगितलं. ती बाई गोंधळली, असू दे हो, असं काहीतरी पुटपुटली आणि तिने फोन ठेवला. नंतर सकाळी हॉलवर खेळायला येणाऱ्या मंडळींनाही भार्गवीने सांगितलं. त्यानंतर तिच्याशी जोडी लावायला बरेच दिवस कोणी पुढे आलं नाही.

कावेरीचं ऑपरेशन झालं. तिची मांडी अगदी वाळून गेली होती. पाय उचलून धरायचे, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, असे व्यायाम फिजिओथेरपिस्टने तिला दिले. भार्गवी बँकेतून थेट तिकडे जायची आणि शेजारी खुर्ची ओढून तेच व्यायाम करायची. ती आता पोटभर जेवत होती. ताकद परत येत होती, पण फार सावकाश. कावेरी तिच्याशी व्यायामापुरतं बोलायची. ये म्हणायची नाही, येऊ नकोही म्हणायची नाही.

मग बेळ्ळंदूरला एका नातलगाच्या मुलाची मुंज निघाली. पंगत उठल्यावर बायका गप्पा मारत बसल्या होत्या. सोयराबाई नावाच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी विचारलं, की तुम्ही दोघी जिंकत आला होता म्हणे, मग हरलात कशा?

"हिचा पाय मुरगळला," कावेरी म्हणाली. ती भार्गवीकडे बघत नव्हती. घरच्या माणसाची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून बोलावं, तसं तिने ते सहज सांगून टाकलं होतं.

भार्गवीला गप्प बसता आलं असतं. कावेरीनेच तशी सोय करून दिली होती. पण तिच्यासाठी आता कावेरीलाही खोटं बोलावं लागत होतं, हे तिला सहन होईना.

"नाही आत्याबाई," ती म्हणाली. "पाय धड होता. बारीक व्हायचं म्हणून मी उपाशी राहत होते. खेळायला ताकद उरली नाही, आणि तसं सांगायची लाज वाटली म्हणून पाय धरून बसले. अक्कांची शेवटची मॅच माझ्यामुळे गेली."

कोणीतरी उगीच पदर सारखा केला. आत्याबाईंनी कावेरीकडे पाहिलं, मग भार्गवीकडे, आणि मुंजमुलाची आई कुठे गेली म्हणून विचारू लागल्या. भार्गवीला तिथून उठून जावंसं वाटलं, पण ती बसून राहिली.

निघताना कावेरी काठी टेकत भार्गवीच्या गाडीपर्यंत आली. काच खाली करायला सांगून ती म्हणाली, "सोमवारी लवकर ये. तो फिजिओ आता मला जिने चढायला लावणार आहे. एकटीला भीती वाटते."

भार्गवी हो म्हणाली. तिला अजूनही कावेरीच्या नजरेला नजर देता आली नाही.