उत्तरेच्या समुद्राची रेघ

दिनांक २० ऑगस्ट १९८७, गुरुवार, सकाळचे साडेआठ. स्थळ कोल्हापूर जिल्हा, वारणानगरच्या अलीकडे, नेमगोंडा पाटलांच्या मळ्यातले परडे.

भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक नृसिंहराव यांनी छत्री मिटली, आणि ती मिटल्यावरही आपल्या डोक्यावर पाऊस पडत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. अंगणात तर तीन आठवड्यांनी सर कोसळत होती. त्यांनी वर पाहिले. शेवग्याच्या दाट फांद्या होत्या, आणि त्यांच्याखालीच पर्जन्यमापक होते.

ते त्यांनीच १९५८ साली नेमगोंडा या आपल्या विद्यार्थ्याच्या परड्यात उभे केले होते. रोज सकाळी माप घ्यायचे आणि आठवड्याचे आकडे पोस्टकार्डाने राजारामपुरीला सरांच्या घरी धाडायचे, हा या घराचा शिरस्ता. नृसिंहराव वर्षातून एकदा, मे महिन्याच्या सुटीत, उपकरण तपासायला येत. तेव्हा त्याच्यावर स्वच्छ आभाळ असे.

नेमगोंडाची बायको राजमती मापाची काचनळी घेऊन आली.

"राजमती, हा शेवगा कधीचा?"

"मी नांदायला आले त्या सालचा की. पासष्टचा."

काखेतली पिशवी त्यांनी छातीशी घट्ट धरली. तिच्यात आलेखाचा कागद होता. उत्तर अटलांटिकचे पाणी तीसएक वर्षे उबदार राहते, पुढली तीसएक वर्षे थंड. ते थंड असले की इकडे उष्ण कटिबंधातला पाऊस हटतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. निळी रेघ त्या समुद्राची, तांबडी या परड्यातल्या पावसाची. पासष्टपासून दोन्ही हातात हात घालून उतरत होत्या. थंडीची आणखी आठदहा वर्षे उरली आहेत, असे त्यांनी नेमगोंडाला बजावले होते.

"छाटत नाही का याला?"

"छाटतो तर. शेंगा सपल्या की एप्रिलात पार बोडका करतो. पर पावसात ह्यो दाटतोय, आन् चातुर्मासात हिरव्याला कोयता लावत न्हाय आमी."

त्यांनी मापकातले साचलेले पाणी ओतून दिले. त्यांनी गोठ्याच्या वळचणीचा तुपाचा रिकामा डबा उचलला, उघड्या अंगणात सपाट दगडावर ठेवला आणि घड्याळ पाहिले.

नेमगोंडा परीटघडीचे कपडे घालून बाहेर आला. सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात अडकली होती.

"सर, चला. बारा वाजता कचेरीत जमिनीचं गिऱ्हाईक येतंय. साक्षीदार म्हणून तुमची सही पयली."

"तासभर थांब."

"थांबून काय करू? रातभर डोळा न्हाय. आकरा एकर हाय, बाच्या हातची. आठ-धा साल पानी न्हाय म्हनल्यावर ठिवून काय, उरावर घ्यायची? आन् आता डबा कसला मांडलाय?"

"सरांचं ऐका वो," राजमती म्हणाली. "गुंडी तरी नीट लावा. गिऱ्हाईक हसंल."

 नृसिंहराव ओसरीवर बसले. हा डबा कुणी मांडायला लावला नव्हता. अजूनही उठून तो पालथा करता आला असता. सही करून संध्याकाळी घरी जाता आले असते. बावीस वर्षांची तांबडी रेघ शाबूत राहिली असती. 

तास भरला. मापकातले पाणी राजमतीने काचनळीत ओतले.

"बारा मिलिमीटर."

डब्यात नृसिंहरावांनी पट्टी उभी धरली. ओली रेघ एकोणीस मिलिमीटरवर होती. त्यांनी पट्टी पुसली, पुन्हा बुडवली, आणि मग तशीच नेमगोंडाच्या हाती दिली.

नेमगोंडाने पट्टी पाहिली, काचनळी पाहिली, शेवगा पाहिला. 

"म्हंजी पाऊस कमी झालाच न्हाय?"

"ते मला सांगता येत नाही. समुद्र थंड आहे, ते खरे. इथला पाऊस किती हटला आणि शेवग्याने किती अडवला, हे आता वेगळे काढता येणार नाही." "माझ्या भरवशावर तू ही जमीन विकू नकोस. आणि माझ्या भरवशावर ठेवूही नकोस."

नेमगोंडाने खिशातले विक्रीचे कागद काढून आत ठेवायला राजमतीकडे दिले. चुकलेली गुंडी सोडवून नीट लावली.

"समुद्राचं तुमचं खरं आसंल, सर," तो म्हणाला. "पर तुमी पावसाळ्यात हितं कवा आलाच न्हाय."