गुडघ्याएवढा अडथळा

घोडेस्वाराची पाठ जायबंदी झाली म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं, ते उभं राहू द्यावं, असं बारक्याचं धोरण होतं. कुणी विचारलं, "घोड्यावरून पडलास का रे?" की तो दूरवर कुठेतरी बघत हलकेच मान हलवायचा. ती मान 'हो' म्हणते की 'नाही', ते समोरच्यानं आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवावं. अडचण एवढीच, की त्याची थोरली बहीण बहुतेक वेळा शेजारीच उभी असायची.

"शिंकला," ताई सांगायची. "दात घासताना शिंकला आणि बेसिनला लटकून राहिला. मी जाऊन सोडवला."

ताई हाडांच्या दवाखान्यात रुग्णांचे व्यायाम घ्यायची. त्यामुळे बारक्याला उपचार आणि अपमान दोन्ही घरबसल्या मिळत.

बारक्याच्या घोड्याची कहाणीही फारशी शूर नव्हती. तबेल्यात सगळे त्याला साहेब म्हणत, कारण कुणी खाणं घेऊन आल्याशिवाय तो उठत नसे. एके काळी साहेब अडथळ्यांवरून असे जात, की वर बघता बघता लोकांच्या टोप्या पडत. पण त्यांच्या पुढच्या डाव्या पायाची शीर सुजली ती लोळताना. ऊन खात लोळत होते, पाय कुंपणात अडकला, तो त्यांनी हिसकून ओढला. घोड्यांच्या डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता विचारलं, "उडी चुकली का?" साहेबांनी दूरवर कुठेतरी बघितलं.

दोघांची दुखणी एकाच सुमाराला आली आणि दोघांचं औषधही एकच निघालं: रोज सावकाश चालणं. मग वेगवेगळं कशाला चालायचं? बारक्या साहेबांचा दोर धरायचा आणि सरावाच्या मैदानात दोघं फेऱ्या मारायचे. कोण कुणाला धरून चाललंय, ते लांबून कळत नसे. थोडं चाललं की बारक्याच्या कमरेत कळ यायची. नवशिक्यांसाठी तिथे पेटीसारखे, गुडघ्याएवढे लाकडी अडथळे मांडलेले असत. त्यातल्या एकावर तो टेकायचा. साहेब थांबायचे. खिशातून गाजर निघायचं, अर्धं ह्याला, अर्धं त्यांना. मग "आई गंऽऽ" असा लांब सूर लावून बारक्या उठायचा आणि स्वारी पुढच्या अडथळ्याकडे निघायची. अख्खा हिवाळा असा गेला.

हिवाळा संपता संपता बाईंनी विषय काढला. बाई म्हणजे तबेल्याच्या मालकीण, आणि साहेबांच्याही.

"माझ्या भावाच्या शेतावर जागा आहे," त्या म्हणाल्या. "लांब आहे, पण शांत आहे. सोबतीला शेळ्या आहेत. साहेबांनी खूप केलं. आता आराम करू दे त्यांना."

"बाई, ते ठणठणीत आहेत."

"आणि तू?"

"मीही."

"मग दाखवा. यंदाच्या स्पर्धेत एक फेरी पुरी करा. नंबर नको मला. फक्त बाद न होता बाहेर या. बाद झालात, तर सोमवारी गाडी बोलावते."

बारक्या हसला खरा, पण साहेबांचा दोर त्यानं हाताला आणखी एक वेढा देऊन धरला. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारे या जगात साहेब एकटेच होते. ऐकताना ते झोपत, ही गोष्ट वेगळी. मध्ये बोलत नसत.

सरावात त्यानं कसर ठेवली नाही. गुडघ्याएवढ्या अडथळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. शेवटी माणसाला काही आब असतो. त्यानं कमरेएवढे अडथळे लावले, आणि साहेब ते असे पार करू लागले, की बारक्याला स्वतःचाच हेवा वाटला. बाईंनी मात्र परस्पर त्याचं नाव सगळ्यात खालच्या वर्गात घातलं. "दुखण्यातून उठलायत दोघं. तिथूनच सुरुवात."

सगळ्यात खालचा वर्ग म्हणजे शाळकरी पोरं. स्पर्धेच्या दिवशी बारक्या त्यांच्या रांगेत उभा राहिला तेव्हा त्याची पांढरी विजार शिवणीशिवणीतून कण्हत होती; आराम त्याच्या भलताच अंगी लागला होता. पुढची दोन वेण्यांची मुलगी तट्टावरून मागे वळली.

"काका, तुम्ही कुणाला न्यायला आलात?"

"मी स्पर्धक आहे."

तिनं त्याच्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि मोठ्या माणसासारखं म्हणाली, "घाबरायचं नाही हं."

घंटा झाली. साहेब डौलात निघाले. पहिला अडथळा आला, साहेबांनी वेग कमी केला, आणखी कमी केला, आणि अडथळ्यासमोर शिस्तीत उभे राहिले. मग मान वळवून त्यांनी बारक्याचा खिसा हुंगला.

"पहिला नकार," कर्णा म्हणाला.

बारक्यानं त्यांना वळवलं, टाच दिली, पुन्हा आणलं. साहेब पुन्हा थांबले. पुन्हा खिसा.

"दुसरा नकार." तिसऱ्याला बाद. प्रेक्षकांत बसलेल्या बाईंनी पर्समधून फोन काढला. शेळ्यांच्या भावाला असणार, बारक्यानं ओळखलं. आणि नेमकं तेव्हाच त्याचं लक्ष अडथळ्याकडे गेलं. रंगवलेला होता, दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या होत्या, पण उंची गुडघ्याएवढी, टेकून बसायची होती.

साहेबांना भीती वाटत नव्हती. त्यांचं काही दुखतही नव्हतं. ते बारक्या टेकायची वाट बघत होते. कमरेएवढ्यावर कुणी टेकत नाही, म्हणून ते सरावात उडत होते. त्यांच्या डोक्यात सगळं लख्ख होतं. उड्या मारणाऱ्या घोड्याला गाजरं चारून, हिवाळाभर, अडथळ्यापुढे थांबायला शिकवणारा एकमेव प्रशिक्षक आज त्यांच्या पाठीवर बसला होता.

उतरून टेकावं, तर बाद. गाजर घरी. उरलं होतं ते एवढ्या लोकांसमोर करण्यासारखं नव्हतं. बारक्यानं साहेबांना तिसऱ्यांदा आणलं, अडथळ्याच्या तोंडाशी डोळे मिटले आणि सूर लावला.

"आई गंऽऽऽ!"

साहेबांचे कान ताठ झाले. बसणं झालं, निघायचं, एवढं त्यांना पुरेसं होतं. जवळजवळ जागच्या जागेवरून ते उचलले गेले आणि पलीकडे उतरले.

दुसरा अडथळा. वेग कमी. "आई गंऽऽऽ!" पार. तिसरा. "आई गंऽऽऽ!" पार. पंच उठून उभे राहिले. स्ट्रेचरवाले दोघे कठड्यापाशी धावत आले. ताई तर कठड्यावर चढलीच.

"अरे, उतर खाली! कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही गं!" बारक्या तिच्यासमोरून जाता जाता ओरडला, आणि पुढच्याच क्षणी, "आई गंऽऽऽ!"

"पायात जातेय का कळ?"

"नाही गं ताई, हे घोड्यासाठी... आई गंऽऽऽ!"

शेवटच्या काही अडथळ्यांना शाळकरी पोरांनी एका सुरात साथ दिली. वेण्यांची मुलगी ताल धरत होती. एकंदरीत विव्हळण्याचा असा सामुदायिक कार्यक्रम त्या मैदानात आधी झाला नसावा.

वेळ इतका लागला की गुण कापून कापून पंच दमले. बारक्याचा नंबर शेवटचा आला, पण तो आला. बाद कुणी म्हणालं नाही.

बाहेर येताच स्ट्रेचरवाल्यांनी त्याला अलगद उतरवून घेतलं.

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," त्यांतला एक म्हणाला आणि पट्टे आवळले. ताईनं पाठ चाचपायला घेतली. तिकडे घोड्यांचे डॉक्टर गुडघे टेकून साहेबांच्या डाव्या पायावरून हात फिरवत होते. बारक्या आडव्या अवस्थेत मान उंच करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"सूज नाही. गरमही नाही," डॉक्टर अखेर म्हणाले. "घोडा उत्तम आहे. याचं काय ते तुम्ही बघा."

बारक्याचा जीव भांड्यात पडला. त्याला साहेबांच्या गळ्यात पडायचं होतं, पण पट्टे घट्ट होते.

बाई दोघांच्या मधोमध उभ्या राहून फोनवर बोलत होत्या.

"नाही रे, नाही पाठवत घोडा... हो, पुरी केली फेरी... छे, त्याला कशाचा त्रास! उडत होता छान... तो आवाज? अरे, तो वरचा ओरडत होता."