भरवाभरवी

कुशाबाईंनी डोळे मिटले, तोंड उघडलं. छकुलीनं गाजराचा तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला.

"वळख, आज्जी!"

"मुळा हाय का गं?"

"न्हाय! गाजर!" अडीच वर्षांची नात खिदळली आणि उरलेलं गाजर स्वतःच्या तोंडात टाकून मोकळी झाली.

महिन्यापूर्वी ती दूध-बिस्किटापलीकडं कशाला तोंड लावत नव्हती. कुशाबाईंच्या लहानपणी कळंब गावात आया न खाणाऱ्या पोरांना मांडीत दाबून घास कोंबत. ते त्यांना अजून आठवे. म्हणून त्यांनी हा खेळ काढला: आधी दुसऱ्याला भरवायचं, मग आपण खायचं. बीट, मेथी, शेपू, सगळं पोटात गेलं. बारामतीला कामावर जाणारी सून सोनम म्हणाली, "आत्या, तुमी अंगणवाडीतच बसायला पायजे व्हता."

आज नाचणीची पाळी होती. भाजलेलं पीठ गुळात मळून दोघींनी काळपट गोळ्या वळल्या. कुशाबाई ओसरीत बसल्या होत्या, पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी. आतल्या खोलीत छकुलीचा सात महिन्यांचा भाऊ अविराज पाळण्यात किरकिरत होता. मागच्या अंगणात त्यांचा लेक सोमनाथ उसातले उंदीर मारायचं औषध मळत होता. तेही गुळातच.

"आई, पोरीला हिकडं सोडू नगं!"

"माझ्याम्होरंच हाय ती. तू तुझं बघ."

औषधाच्या घमेल्यावर ताट झाकून सोमनाथ विहिरीवरची मोटार बघायला गेला. दोरी ओढता ओढता कुशाबाईंचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा छकुली समोर उभी होती, दोन्ही मुठी पाठीमागं.

"आज्जी, डोळं मीट. आ कर."

त्यांनी डोळे मिटले. ओठांशी गोळी आली आणि तिच्यासोबत मागच्या अंगणातल्या औषधाचा लसणासारखा उग्र वास.

कुशाबाईंनी झडप घालून तो हात धरला. गोळी खाली पडली. त्यांनी पोरीचं तोंड उघडून आत बोट फिरवलं, जिभेखाली, गालांत. काही नव्हतं.

"तू खाल्लीस का? खरं सांग, माझे बाय."

"न्हाय. आदी तू."

कुशाबाईंनी श्वास सोडला. पदरानं तिचा हात पुसला. मग दुसरी मूठ उघडली. ती रिकामी होती. तळव्याला काळा चिकटा लागला होता.

"आन् ह्यातली कुठाय?"

छकुलीनं आवाज बारीक केला.

"हळू बोल, आज्जी. बाळ झोपलं."