मुंद

लेसर पॉइंटरचा लाल ठिपका भिंतीवर थरथरत तिच्याच प्रोग्रामच्या ओळींवरून फिरत होता — तिच्याच. कंसाआधी उगाच सुटलेली ती मोकळी जागासुद्धा संगमेशनं जशीच्या तशी उचलली होती, चोरीतही माणूस आळस करतो... शिवलीलाला हसू आलं.

"सांगोल्याच्या डाळिंबबागांच्या पाहणीफेऱ्यांच्या तारखांवरून 'आर' भाषेतला लूप फिरतो ना मॅडम," संगमेश प्रकल्पप्रमुख मॅडमना सांगत होता, "तेव्हा तारखेचं तारीखपण सोलून टाकतो. हातात राहतो नुसता आकडा. म्हणून तारीख न सोलता कसं चालायचं ते मीच शिकवलं त्याला."

मीच! — गेल्या महिन्यात हाच संगमेश चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागं उभा, "अक्का, तुला हे सुचतं तरी कसं?" आणि अक्का फुगली, सगळं उलगडून दाखवत बसली. प्रकल्पात एकच जागा कायम होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. अक्का म्हणवून घेणं चांगलंच महागात पडलं की!

'पुढची फेरी दे' असं लूपला सांगणाऱ्या फंक्शनचं नाव तिनं मुंद ठेवलं होतं. मंद्रूपच्या बाजारात आई तिचा हात धरून गर्दीतून ओढायची — मुंद नडी, मुंद... पुढं चल. भिंतीवर आता लिहिलं होतं 'पुढे'. संगमेशच्या घरीही कानडीच! म्हणजे काय सोलायचं नि काय ठेवायचं, हे त्याला नेमकं कळत होतं. लूप बिचारा निदान न कळता सोलतो.

त्यानं कळ दाबली. तारखा तारखांसारख्या उतरू लागल्या... आणि फेरी चुकलेल्या एका बागेपाशी सगळं थांबलं. लाल अक्षरं उमटली: 'मुंद' नावाचं फंक्शन सापडत नाही. तेवढ्या एका ठिकाणी नाव बदलायचं राहून गेलं होतं.

"मुंद? हे काय असतं?" मॅडमनी विचारलं.

ठिपका भिंतीवरून घसरून टेबलावर आला. संगमेश तिच्याकडं वळला आणि हळूच, घरातल्यासारखं म्हणाला, "अक्का... मुंद?"

पुढं काय, असं विचारत होता तो. एक शब्द बदलला की चालू — तिचं बोट सवयीनं कीबोर्डकडं निघालंही होतं, ते तिनं मधेच मागं घेतलं... आणि तिला वाटलं, आई ओढतेय, मागून माणसं रेटतायत, नि आपण भर बाजारात पाय रोवून उभ्या आहोत. कुणीकडं वळायचं ते ठरलेलं नाही, पण हात मात्र सोडवून घेतलाय.