जोडीची नळी

मी एक जुनी भिंगरी आहे. खेळण्यातली नव्हे हं, मित्रांनो. रक्त तपासायच्या खोलीत, कोपऱ्यातल्या ओट्यावर एक गोल झाकणाचा डबा घरघरत असतो ना, तीच मी. कागदोपत्री माझं नाव लांबलचक आणि जीभ न वळणारं आहे. इथे मात्र सगळे मला भिंगरीच म्हणतात.

कारखान्यात माझ्या पोटात मोटर बसवली, तिच्यावर खाचांचं चाक चढवलं आणि मला इथे धाडलं. रक्ताच्या नळ्या त्या खाचांत ठेवायच्या आणि मी त्यांना गरागरा फिरवायचं, एवढंच माझं काम. फिरलं की तांबडा भाग तळाला बसतो आणि वर फिकट पिवळं पाणी उरतं. ते पाणी शेजारच्या यंत्रात जातं. ते यंत्र नवं आहे, त्याला पडदा आहे, ते आकडे दाखवतं आणि त्याचा तोरा तर विचारूच नका. कौतुक सगळं त्याचं. माझी आठवण होते ती मी खडखडले तर.

पण खरं सांगू? मला अप्रूप वाटतं ते किडन्यांचं. मुठीएवढ्या दोघी बहिणी, पाठीच्या बाजूला लपून बसलेल्या. अंगातलं सगळं रक्त त्या दिवसातून कितीतरी वेळा गाळतात. मीठ किती ठेवायचं, पाणी किती सोडायचं, सगळा हिशेब त्यांना तोंडपाठ. स्नायूंच्या कामातून क्रिएटिनिन नावाचा कचरा तयार होतो, तोही त्याच बाहेर काढतात. त्यांचं काम मंदावलं की तो रक्तात साचायला लागतो आणि तपासणीत दिसतो. मला बटण दाबल्याशिवाय हलता येत नाही. त्या मात्र माणूस जन्मायच्या आधीपासून बिनबोभाट चालू असतात. हे आठवलं की फिरता फिरता माझंच डोकं गरगरतं.

आता माझी एक खोड सांगते. एकटी नळी मला चालत नाही. समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवी, नाहीतर मी अशी थडथडते की ओटा हलतो. म्हणून नळी एकच असली तर ताई समोर पाण्याची नळी ठेवते.

ताई म्हणजे इथे रक्त काढणारी. पन्नाशी ओलांडलेली, हात इतका हलका की सुई टोचलेली कळतही नाही. बीपीची गोळी ती कित्येक वर्षं घेत होती. उभं राहून कंबर धरायची, म्हणून वेदना मारायची गोळीही जवळजवळ रोज. आलेल्या प्रत्येकाला ती बजावायची, "बीपी आहे, शुगर आहे, तर वर्षातून एकदा किडनीची तपासणी कराच." स्वतःचं रक्त मात्र तिने कधी तपासलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

एका सकाळी एक हमाल आला. तिशी-पस्तिशीचा, दाराची चौकट अडवील असा धिप्पाड. सगळे त्याला पहिलवान म्हणत. त्याच्या वडिलांना किडनीचा आजार होता, म्हणून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यालाही तपासणी सांगितली होती. पाठीवर पोती पेलणारा हा गडी सुई बघून पांढराफटक पडला. कसंबसं रक्त दिलं. ताईने पाण्याची नळी उचलली, तसं त्याने विचारलं, "ही कशाला?"

"जोडीला. एकटी फिरत नाही."

"मग पाणी कशाला? तुमचंच द्या की. मघाशी मला एवढं सांगत होतात बीपीचं. तुम्ही कधी केली तपासणी?"

ताईने पाण्याची नळी परत खाली ठेवली.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," पहिलवान म्हणाला आणि हातावरचा कापूस दाबत हसला.

ताईलाही हसू आलं. तिने दंडाला रबरी पट्टा गुंडाळून दातांनी ओढला आणि स्वतःच्याच हातातून रक्त काढलं. दोन्ही नळ्या समोरासमोर बसल्या आणि मी फिरले.

शेजारच्या यंत्राने दोघांनाही एकच आकडा दिला. क्रिएटिनिन एक पूर्णांक तीन. आमच्या कागदावर ही मर्यादेची शेवटची पायरी. "दोघंही मर्यादेत," ताई म्हणाली आणि निर्धास्त होऊन कागद वर घेऊन गेली.

ती खाली आली ती डॉक्टरीणबाईंना घेऊनच. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, रुग्ण बसतात त्याच.

"अगं, आकडा एक असला तरी माणसं दोन आहेत," त्या म्हणाल्या. "त्याचे स्नायू बघ. एवढ्या देहात कचरा जास्तच होणार. तू मूठभर, वय जास्त. तुझ्या रक्तात एवढं उरतंय म्हणजे गाळणं कमी पडतंय. वय आणि बाई-पुरुष धरून हिशेब केला तर त्याचं गाळणं सत्तरच्या वर आहे, तुझं पन्नासच्याही आत; साठच्या खाली गेलं की काळजी."

"पण मला काहीच होत नाही हो," ताई म्हणाली.

"होतच नाही. बराच भाग निकामी होईपर्यंत किडन्या काही कळू देत नाहीत."

मी थांबले होते, तरी माझ्या आत काहीतरी थरथरलं. दुखणं हत्तीच्या पायाने येतं म्हणतात. हे तर मुंगीच्या पायाने आलं होतं, आणि तेही माझ्या ताईकडे.

एका तपासणीवर शिक्का मारायचा नाही, असं बाईंनी सांगितलं. लघवीतलं प्रथिन बघायचं आणि तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. वेदनेची रोजची गोळी किडनीला मारक, म्हणून ती त्यांनी तिथल्या तिथे बंद करायला लावली, बीपीचं औषध बदललं. ते तीन महिने ताई कंबरेला शेक घेत, बसून काम करत राहिली. तिची मुलगी रोज फोन करून बीपीचा आकडा विचारायची. गाळण्याचा आकडा आणखी घसरला तर पुढे काय, हे ताईएवढं कुणाला ठाऊक होतं? याच खोलीत तिने डायलिसिसवरच्या माणसांचं रक्त काढलं होतं.

तीन महिन्यांनी तिची नळी मी फिरवली. इतक्या काळजीने मी कधीच फिरले नव्हते. आकडा होता तिथेच थांबला होता.

"गेलं ते परत यायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण उरलंय ते खूप आहे. सांभाळलंस तर जन्मभर पुरेल." ताई माझ्या झाकणावर हात ठेवून रडली, आणि मग पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मित्रांनो, मी म्हातारी झाले. उद्या मोटर बसली तर दुसरी भिंगरी येईल. माणसाला मात्र त्या दोघी बहिणी जन्मासोबतच मिळतात. म्हणून आज घरी बीपीची किंवा साखरेची गोळी कोण घेतं ते बघा, आणि विचारा, "किडनीची तपासणी शेवटची कधी केली?" ते म्हणतील, "मला काय धाड भरलीय?"

तरी तपासणीला नेईपर्यंत त्यांचा हात सोडू नका.