आधी बूट, मग खोगीर, मग मी

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला बरीच वर्षे मटणाचा वास येत असे. हसू नका. त्या वासापायी मी भट्टीत जाता जाता वाचले आहे.

माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात झाला. लोखंडाची नळी, बर्चच्या लाकडाचा दस्ता, पोटात दहा काडतुसांची जागा. चाप ओढला की गोळी सुटावी, रिकामी पुंगळी मी बाहेर फेकावी आणि पुढचे काडतूस स्वतःच वर चढवावे, एवढेच माझे काम. काही वर्षे शिपायांच्या खांद्यावर काढली. मग नव्या बंदुका आल्या आणि मला किर्गिझ डोंगरांत मेंढ्या राखायला धाडले. सारीबुलाकच्या हिवाळी कुरणावर तुरदाकुन मेंढपाळाच्या हाती मी पडले, तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या.

तिथे माझा मोठा मान होता. जीव घ्यायची वेळ क्वचितच येई. हवेत लागोपाठ तीन बार काढले की लांडगे टेकडीपार पळत. मात्र ते लागोपाठच निघायला हवेत. एका बाराला लांडगा नुसती मान वळवून बघतो.

त्या घरात मटण हातानेच खात आणि चरबीने माखलेले हात वाया घालवत नसत. आधी बुटांना पुसायचे, मग खोगिराला, म्हणजे कातडे मऊ राहते. सामूहिक शेती होती तोवर माझ्यासाठी दर हिवाळ्यात बंदुकीच्या तेलाची बाटली यायची. ती बंद झाली, तेव्हा तुरदाकुनने मलाही त्या रांगेत बसवले. जेवण झाले की तो मला रिकामी करून मांडीवर घेई, काडतूस चढवायचा खटका मागे ओढी आणि बोटे आतपर्यंत पुसे. "खा गं, तूही खा," म्हणे. मला अगदी पट्टराणी असल्यासारखे वाटे!

असे करता करता माझ्या पोटात चरबीचे थर साचले. एका कडक थंडीच्या पहाटे लांडगा गोठ्याच्या कुंपणापाशी आला. पहिला बार झाला आणि पुंगळी आतच अडकली. तुरदाकुन खटका ओढतोय, मी हलत नाही, आणि लांडगा निवांत बसून आमची मजा बघतोय. शेवटी त्याची बायको कालिपा चहाच्या समोवाराचे झाकण आणि पळी घेऊन धावली आणि असा काही ठणठणाट केला की लांडग्याने धूम ठोकली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"अता," मुलगा कुबात म्हणाला; तिकडे बापाला अताच म्हणतात. "ही म्हातारी झाली. तालुक्याला जमा करून टाकू. तिथं भट्टीत वितळवतात."

"म्हातारा मीही झालोय. मलाही जमा करतोस का?"

"तुम्हाला कोण घेणार?" कालिपा म्हणाली. "ती निदान एकदा तरी वाजली."

मग माझी दुरुस्ती सुरू झाली. खालच्या गावात एसेनकुल नावाचा मिस्त्री होता. ट्रॅक्टर, शिलाई मशीन, बंदूक, काहीही दुरुस्त करी. त्याच्या दुकानात शेगडी लालबुंद पेटलेली असे. तिथे मला घटकाभर ठेवले आणि मागच्या अंगणात दहा बार काढले. दहाही खणखणीत!

"तुरदाके, ही तर नव्या नवरीसारखी ठुमकतेय," एसेनकुल त्याचे नाव आदराने आखडून म्हणाला. "आणि तेल काय झकास दिलंय!"

ही तारीफ ऐकून तुरदाकुनची छाती फुगली. त्या संध्याकाळपासून मला दुप्पट चरबी मिळू लागली.

वर कुरणावर मी पुन्हा अडकले. स्प्रिंग बदलली. खाली गावात नीट चालले, वर अडकले. काडतुसे बदलली, तरी तेच. कालिपाने जुनिपरच्या झुडपाच्या धुराने माझी दृष्ट काढली, मी तिच्याच अंगणात अडकले. मला कारण माहीत होते हो! पण माझ्या तोंडात एकच शब्द, आणि तोही घशात अडकलेला.

मेंढ्या विण्याचे दिवस तोंडावर आले होते. कोकरांच्या वासाने लांडगे येणारच. कुबातने निक्षून सांगितले, "शुक्रवारपर्यंत लागोपाठ तीन बार निघाले तर ठीक, नाहीतर हिला मी घेऊन जाणार." त्याने पोतेसुद्धा खोगिराला बांधून ठेवले. ते पोते बघून माझी नळी गार पडली.

बुधवारी एसेनकुल स्वतःच घोड्यावरून वर आला. त्याचेही नाक कापले गेले होते ना! दुपारी पाहुण्यासाठी मटण शिजले. गप्पा रंगल्या, दाराजवळचे ताट थंड झाले आणि त्याच्या काठावर चरबीची पांढरी साय धरली. एसेनकुल आपल्या चिकटलेल्या बोटांकडे बघत होता. तेवढ्यात तुरदाकुनने हात बुटांना पुसले, खोगिराला पुसले आणि मला मांडीवर ओढले.

"थांबा!" एसेनकुल ओरडला. "काय करताय?"

"हात पुसतोय."

"बंदुकीला?"

"मग? फक्त बुटांनीच खायचं?"

एसेनकुल हसता हसता आडवा झाला. "अहो, मी स्प्रिंगा बदलत बसलोय आणि तुम्ही हिच्या पोटात मेंढ्या भरताय! माझ्या शेगडीजवळ ते तेल असतं. इथं थंडीत त्याचं मेण होतं."

तुरदाकुनचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच हिचा गळा दाबला?"

"मायेनं दाबलात," कालिपा म्हणाली. "कुबातलाही असंच लोणी भरवलंत. आता त्याला घोड्यावर चढवायला दोन माणसं लागतात."

त्यांनी मला सुटी करून उकळत्या पाण्याने धुतले, कोरडी केली आणि एसेनकुलने आणलेल्या बाटलीतले थेंबभर तेल दिले. इतके हलके मला जन्मल्यापासून वाटले नव्हते.

शुक्रवारी उजाडताच कुत्री भुंकू लागली. उतारावर तीन लांडगे होते आणि गोठ्यात रात्रीच जन्मलेले पहिले कोकरू. तुरदाकुनने मला खांद्याला लावले. एक बार. पुंगळी उडाली. दोन. तीन! सारा डोंगर दणाणला, लांडगे टेकडीपार झाले, आणि म्हातारा बर्फात पोरासारखा नाचला.

कुबातने खोगिराचे पोते सोडले. "अता, तालुक्याला मी जातोच. पण तेलाच्या बाटल्या आणायला."

मित्रांनो, ज्याच्यावर माया कराल, त्याला काय पचते ते आधी बघा. मला कोरडे फडके आणि थेंबभर तेल पुरते.

त्या संध्याकाळी पुन्हा मटण होते. तुरदाकुनचे हात बुटांवर गेले, खोगिरावर गेले, माझ्याकडे आले आणि हवेतच थांबले. तो उठला, हात कोमट पाण्याने धुऊन पुसले, मग कोरडे फडके घेऊन माझ्यापाशी बसला.

"उपाशी राहा गं बाई," तो म्हणाला, "पण बोलत राहा."

तेव्हापासून मी उपाशी आहे, आणि अजून एकदाही अडकलेले नाही.